सकपाळ बाईंची भीती

सकपाळ बाई भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या पाठीमागे म्हणतेय असं समजू नका. त्या स्वतःच ओळख करून देताना सांगायच्या. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला, खडूचं कपाट दाखवलं आणि म्हणाल्या, "एक आधीच सांगून ठेवते हं. मी फार भित्री आहे. वीज, विंचू, फोन, साहेब आणि दरी. बाकीचं हळूहळू कळेल तुम्हाला."

बाकीचं कळायला आठवडाही लागला नाही. कोंबडी अंगावर आली तरी बाई बाकावर चढायच्या. शाळेच्या नळाला हात लावण्याआधी छत्रीच्या टोकानं नळ वाजवायच्या, खाली बेडूक असेल म्हणून. छत्री बारा महिने बरोबर असायची आणि गळ्यात पीटीची शिट्टी. पंचायत समितीतून फोन आला की बाई खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या आणि बोलणं संपेपर्यंत उभ्याच असायच्या. पलीकडे बोलणारा शिपाई असला तरी.

आमची शाळा पोलादपूरच्या पुढे, आत वळलेल्या रस्त्यावर, डोंगराच्या अगदी पोटाशी. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मुख्याध्यापिका सकपाळ बाई, शिक्षिका मी. संपला स्टाफ. मी महाडहून स्कूटरनं यायचे आणि बाईंना बिरवाडी फाट्यावरून घ्यायचे. त्यांचे यजमान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते, म्हणून दोघं बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायची. पहिल्या पाळीच्या बसगाड्या आत वळत असायच्या आणि त्या धुरळ्यात बाई नाकाला पदर लावून उभ्या असायच्या. वसाहतीतला भोंगा अवेळी वाजला तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. "काही नाही हो, चाचणी असेल," मी म्हणायचे. बाई यजमानांना फोन लावायच्या, "जेवलात का?" एवढंच विचारायच्या आणि मग स्कूटरवर बसायच्या.

बसायच्या म्हणजे काय, डोळे मिटायच्या आणि मला घट्ट धरायच्या. महामार्गावर ट्रक शेजारून गेला की माझ्या बरगड्या कळवळायच्या. मला मात्र गाडी पळवायची हौस. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, इतकं काय घाबरायचं? मला बघा, मला भीती म्हणून वाटत नाही." त्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला खरंच वाटत नसेल तर मी बसनं जाते. न भिणाऱ्या माणसाचा मला भरवसा नाही." त्यांना परत बसवायला मला शपथ घ्यावी लागली की मला ट्रकची भीती वाटते म्हणून.

भीती वाटलेली बाईंना शाळेतही चालायची. कुणी मूल विहिरीला, सापाला, इंग्रजीला घाबरतं म्हणालं की बाकीची हसत. बाई हसत नसत. "भीती वाटते ना? मग पाय नीट पडतो," असं म्हणून त्या पुढे शिकवायला लागायच्या.

पण बाईंची खरी भीती दरीची. आणि दरी आमच्या शाळेच्या डोक्यावरच होती.

शाळेच्या मागे जो डोंगर उभा आहे त्याच्या माथ्यावर धनगरांची वाडी आहे. शेळ्या, म्हशी, थोडी नाचणी, वरी. तिला सगळे वरची वाडी म्हणतात. वाडीत पूर्वी चौथीपर्यंतची शाळा होती. पट कमी म्हणून ती बंद झाली आणि वाडीची मुलं आमच्या शाळेत आली. त्यांना येण्याजाण्यासाठी सरकारकडून वाहतुकीचे पैसे मिळायचे, त्यातून भिकूशेठची जीप लावली होती. जीप डोंगराला लांबचा वळसा घालून कच्च्या रस्त्यानं यायची, दरवाजे दोरीनं बांधलेले असायचे, पण मुलं वेळेवर आणि कोरडी यायची. बाई त्या जीपलाही घाबरत, तरी ती आली की त्यांचा जीव भांड्यात पडे.

मग अंतर मोजायची पद्धत बदलली. कुणीतरी कुठल्यातरी कार्यालयात बसून संगणकावरच्या नकाशावर शाळेपासून वाडीपर्यंत सरळ रेघ मारली. वरून बघितलं तर वाडी शाळेला जवळजवळ चिकटलेलीच दिसते, मधला डोंगर त्या रेघेत येतच नाही. इतक्या जवळच्या मुलांना गाडी कशाला, असं ठरलं आणि पैसे थांबले. भिकूशेठ तरी किती दिवस फुकट चालवणार? त्यानं जीप वीर स्टेशनवर लावली, पॅसेंजर भरायला. वाडीची मुलं पायवाटेनं उतरू लागली.

ही पायवाट सुरुवातीला रानातून येते, मग मध्यावर कड्याला चिकटून जाते. एका बाजूला काळा पाषाण, दुसऱ्या बाजूला दरी, मधे दोन पावलं नीट मावतील एवढी जागा. त्या भागाला वाडीतले लोक पट्टी म्हणतात. पट्टीच्या दरीकडच्या काठाला कारवीची दाट झुडपं होती, पुरुषभर उंचीची. त्यामुळे चालणाऱ्याला दरी दिसायची नाही, हिरवी भिंत दिसायची. वाडीची माणसं डोक्यावर दुधाची किटली घेऊन तिथून धावत उतरत.

बाई रोज शाळा भरण्याआधी त्या वाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहायच्या. ऊन, पाऊस, काही असो. त्यांनी मुलांना एक सवय लावली होती. धनगराच्या प्रत्येक पोराची शेळ्या हाकायची आपली एक हाळी असते. शेळ्यांना बरोबर कळतं कोण बोलावतंय ते. पट्टी ओलांडून अलीकडच्या वळणावर आलं की प्रत्येकानं आपली हाळी द्यायची, असा बाईंचा हुकूम. मग वरून एकेक आवाज यायचा, कुणाचा "हुर्रर्र", कुणाचा "येऽऽ हो", कुणाची नुसती लांबलचक कूक, आणि बाई खालून पुटपुटायच्या, "आला जानू... आली बाबी... आली सगुणा." सगळ्या हाळ्या मिळाल्या की त्या शिट्टी वाजवायच्या आणि छत्री टेकत शाळेत यायच्या. मला या प्रकाराचं हसू यायचं. आम्ही काय शेळ्या मोजतोय का, असं मी एकदा म्हटलंही.

सगुणा सहावीत होती. सडसडीत, मोठ्या डोळ्यांची, हुशार. तिची हाळी सगळ्यात उंच, डोंगरावर आपटून परत यायची. एका सकाळी धो धो पाऊस होता. बाईंच्या पाठोपाठ त्यांचा डबा घेऊन मीही वाटेच्या तोंडाशी गेले होते. हाळ्या आल्या, मुलं चिखलातून घसरत खाली आली. सगुणाची हाळी काही येईना.

"मागं होती गो बाई," बाबी म्हणाली. "माज्याच मागं होती."

बाईंनी शिट्टी वाजवली. परत वाजवली. वरून नुसता पावसाचा आवाज. मग बाई, ज्या साध्या गटारावरून उडी मारायच्या नाहीत, त्या छत्री टाकून त्या चिखलात वर चढायला लागल्या. मी मागे. पट्टी सुरू होते तिथपर्यंत त्या गेल्या आणि तिथे मात्र त्यांचे पाय संपले. खाली बसल्या. दात वाजत होते. "नाय होत गो," त्या म्हणाल्या. बाई घाबरल्या की त्यांची शाळेतली भाषा सुटायची आणि गावची बोली वर यायची. "नाय होत माझ्यानं. तू जा. तू जा गो पुढं."

मी गेले. पट्टीच्या मध्यावर वाटेत एक दगड पडला होता, घमेल्याएवढा, ताज्या मातीसकट, आणि त्याच्या पलीकडे सगुणा पाषाणाला पाठ लावून उभी होती. दगड तिच्या पावलापुढे पडला होता. तिचं तोंड उघडं होतं, ती ओरडत होती, पण आवाज येत नव्हता. मी तिचा हात धरला तो बर्फासारखा होता. तिला घेऊन मी परत आले तेव्हा बाई तशाच पावसात बसलेल्या होत्या. त्यांनी सगुणाला मांडीवर ओढलं.

बऱ्याच वेळानं सगुणाला शब्द फुटला. "बाई, लय हाळी दिली मी. आवाजच नाय आला."

"भ्यालीस ना? चांगलं केलंस," बाई म्हणाल्या. "भ्यालीस म्हणून थांबलीस. चांगलं केलंस गो माझे बाय."

दुसऱ्या दिवशी सगुणाची आई खाली आली. भांडायला आली नव्हती, त्यानंच जास्त वाईट वाटलं. ती दारातच उभी राहिली. "बाई, जीप हुती तवर ठीक हुतं. आता पोर दरीत गेली तर शाळा घेऊन काय करू मी? रवूदे तिला घरी. शेरडं हायेत, भाकऱ्या हायेत. पुढच्या सालापासून नाय पाठवत." तिच्या मागोमाग वाडीतली बाकीची घरंही तेच म्हणणार हे बाईंना माहीत होतं. आणि सगुणा एकदा शेळ्यांमागे गेली की दोन-तीन वर्षांत लग्नाची बोलणी, हेही माहीत होतं. बाई म्हणाल्या, "मला उन्हाळ्यापर्यंत मुदत द्या. जीप आणते." हे बोलून झाल्यावर त्या स्वतःच इतक्या घाबरल्या की पाणी मागितलं.

त्यानंतरच्या दिवसांत मी बाईंना साहेबांच्या दारात बसलेलं पुष्कळदा पाहिलं. पोलादपूरच्या कार्यालयात बाहेरच्या बाकावर, छत्री मांडीवर आडवी धरून. आत काय बोलायचं ते त्या स्कूटरवर माझ्या पाठीशी घोकत यायच्या. "महोदय, सरळ रेषेतील अंतर आणि प्रत्यक्ष पायी अंतर यांत..." आत गेल्या की सगळं विसरायच्या, "बरं साहेब, येते साहेब," म्हणून बाहेर यायच्या आणि जिन्यात रडायच्या. मग पुन्हा पुढच्या आठवड्यात तेच. शेवटी उन्हाळ्यात नवीन आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांपुढे त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं. "साहेब, तुम्ही एकदा चालून बघा."

साहेब तरुण होते, देशावरचे, डोंगर फारसा न पाहिलेले, पण माणूस सरळ. म्हणाले, "ठीक आहे, येतो. नकाशात तर वाडी शाळेला लागूनच दिसते."

बाईंनी वाडीला निरोप धाडला: साहेब येणार, वाट बघणार. तिथे घोटाळा झाला. दरवर्षी पावसाळा सरला की वाडी 'वाट काढते', म्हणजे घरटी एक माणूस कोयता-कुदळ घेऊन उतरतो आणि वाट साफ करतो. पाहुणा यायचा असेल तर मधेही काढतात. आणि इथे तर प्रत्यक्ष साहेब यायचे होते. वाडीनं आपल्या परीनं मान ठेवला.

ठरल्या दिवशी आम्ही साहेबांना घेऊन वर निघालो तर वाट ओळखू येईना. खडे वेचलेले, घसरडीवर पायऱ्या खोदलेल्या, आंब्याच्या डहाळ्यांची कमान. वाडीचे म्होरके धाकूबाबा ढेबे ठेवणीतला फेटा बांधून सामोरे आले. बाईंनी कपाळाला हात लावला. हळूच म्हणाल्या, "अहो धाकूबाबा, हे काय केलंत? खराब वाट दाखवायची होती ना त्यांना!"

धाकूबाबांना ते पटेचना. "असं कसं बाय? सायेब पयल्यांदा येनार आनि तेंना काट्यातनं न्यायचं? लोक काय म्हनतील आमाला?"

साहेब खूश होते. "चांगली वाट आहे की, मॅडम," ते म्हणाले आणि झपाझप पुढे निघाले. बाईंचा चेहरा उतरला. आता जीप गेली, सगुणा गेली, सगळं गेलं, असं मलाही वाटलं.

मग पट्टी आली. साहेबांची विजार अडकायला नको म्हणून वाडीच्या तरण्या पोरांनी काठावरची कारवी पार मुळासकट खणून काढली होती. वर हौसेनं काठावर दगड मांडून त्यांना चुना फासला होता. हिरवी भिंत नव्हती. पांढऱ्या दगडांची एक ओळ होती आणि तिच्या पलीकडे काहीच नव्हतं. खूप खाली व्हाळाच्या पाण्याची रेघ दिसत होती आणि आमच्या पायांच्या खालून एक घार उडत गेली.

साहेब मध्यावर पोचले होते. त्यांच्या बुटाची ठोकर एका दगडाला लागली, दगड सुटला. आम्ही सगळे नकळत ऐकत राहिलो. आवाज येईना, येईना. मग कुठेतरी खूप खाली टक् झालं.

साहेबांनी दोन्ही हात पाषाणाला लावले आणि हळूहळू खाली बसले. बाई तर आधीच बसल्या होत्या, डोळ्यांवर पदर घेऊन. पण मी विसरू शकत नाही ते धाकूबाबांचं तोंड. आयुष्य त्या पट्टीवरून गेलेला तो म्हातारा काठाशी उभा राहून खाली बघत होता आणि त्याचा फेटा थरथरत होता. "येवडी खोल हाय व्हय," तो म्हणाला, कुणालाच नाही, आपल्याशीच. "माज्या पोरीचं बाळ हितनं पाठीवर बांधून नेलं मी."

साहेबांनी विचारलं, "मुलं... इथून येतात? पावसात?"

"येतात साहेब," बाई पदराआडून म्हणाल्या. "मी खाली उभी असते."

साहेब बसल्या बसल्या सरकत परत आले, बाईही तशाच. वाडीनं रांधलेलं जेवण वरच राहिलं. शाळेत आम्ही साहेबांना चहा दिला. "मी आजच अहवाल वर पाठवतो," ते म्हणाले. "मंजूर होईल. पण मॅडम, वरून यायला वेळ लागतो. तोवर त्या वाटेनं..."

जून आला, शाळा उघडली, मंजुरी काही आली नव्हती. पहिल्या दिवशी बाई पायथ्याशी उभ्या होत्या. हाळ्या आल्या, पण नेहमीच्या वळणावरून नाही, फार वरून. परत आल्या, तिथूनच. मुलं पट्टीच्या पलीकडे थांबली होती. रोज धावत येणारी मुलं दरी पाहून थिजली होती. कारवी पुन्हा वाढायला वर्षं लागणार होती, आणि मुळं तुटल्यामुळे काठाची माती पावसानं ओघळायला लागली होती.

बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग पाठीमागे वळून मला म्हणाल्या, "शहाणी पोरं." आणि जिवाच्या आकांतानं वर ओरडल्या, "घरी जाऽऽ! सगुणा, सगळ्यांना घेऊन घरी जाऽऽ!"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "वरची शाळा बंद आहे, पण छप्पर शाबूत आहे. खालचे वर्ग तू सांभाळ. जीप येईपर्यंत मी वर जाते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बाई, तुम्ही? पट्टीवरून? त्यापेक्षा मी जाते. मला काही वाटत नाही."

"म्हणूनच तू नाही जायचं," बाई म्हणाल्या. "आणि कार्यालयाला न विचारता जायचं आहे. शिक्षा झाली तर मला होऊ दे." त्यांची निवृत्ती अगदी तोंडावर होती. "सस्पेंड करतील गो मला," असं त्या त्या आठवड्यात रोज म्हणत होत्या. "पेन्शन अडकवतील. मिस्टर काय म्हणतील?" आणि लगेच पुढे, "पण रोज एवढ्या पोरांनी घाबरायचं, त्यापेक्षा एकीनं घाबरलेलं बरं. मला सवय आहे."

दुसऱ्या सकाळी धाकूबाबा त्यांना न्यायला खाली उतरले. एका म्हाताऱ्याला एक बाई नेता येते. सगळी पोरं एकदम नेता येत नाहीत आणि वाडीतले बाकीचे बाप्ये कामाला मुंबईत नाहीतर वसाहतीत. "बाय, दरीकडनं मी ऱ्हातो," धाकूबाबा म्हणाले. "तू कड्याला हात लाव नि चल."

त्यानंतर रोज सकाळी वाटेच्या तोंडाशी मी उभी राहायला लागले. पट्टी खालून दिसत नाही, धुक्यात तर काहीच दिसत नाही. म्हणून बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "मी एकोणतीसचा पाढा म्हणत जाईन. मोठ्यानं. सोपा पाढा म्हणताना मन मोकळं राहतं आणि भीती आत शिरते. एकोणतीसचा म्हणताना तिला जागा नाही." पावसातून, ढगातून बाईंचा आवाज यायचा, शाळेच्या चालीवर, कापरा. "एकोणतीस एकेऽ एकोणतीस, एकोणतीस दुणेऽ अठ्ठावन्न..." पाढा पुरा झाला की समजायचं, पट्टी ओलांडली. मग त्यांची शिट्टी. मग मी शाळेत जायचे आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच.

एका सकाळी पाढा 'एकोणतीस सत्ते' इथे थांबला.

मी वाट बघितली. पाऊस पडत होता. वरून माती घसरल्यासारखा काही आवाज आला, की मला तसा वाटला, कोण जाणे. मी "बाई!" म्हणून ओरडले, पण घशातून नुसती हवा आली. सगुणाचं उघडं तोंड मला आठवलं. मी, ट्रकला न घाबरणारी, तिथे एका झाडाला धरून उभी होते आणि मला वर चढवत नव्हतं, परत जाववत नव्हतं. आणि मग वरून आवाज आला, अगदी पहिल्यापासून, "एकोणतीस एकेऽ एकोणतीस..."

संध्याकाळी त्या उतरल्यावर मी रागानं विचारलं, काय झालं होतं. बाई ओशाळल्या. "अगं, सत्ते आठवेना. धाकूबाबा मधेच विचारत होते, बाय, तुज्या घरी किती शेरडं? त्यात विसरले." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बाईंनी माझ्या पाठीवर थोपटलं. "घाबरलीस? बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता मी तुझ्या गाडीवर निर्धास्त बसेन." निर्धास्त अर्थातच बसल्या नाहीत.

मंजुरी नागपंचमीच्या सुमारास आली. बाईंना शिक्षा काही झाली नाही. साहेबांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी कधी विचारलं नाही. भिकूशेठनं वीरचे पॅसेंजर सोडले. जीप सुरू व्हायच्या सकाळी बाई सवयीनं पायथ्याशी जाऊन वर तोंड करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, आज रस्त्याकडून येतील." "माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि वरच बघत राहिल्या. तेवढ्यात पाठीमागून, रस्त्याच्या बाजूनं हाळ्या आल्या. जीपच्या खिडक्यांतून डोकी काढून पोरं ओरडत होती, कुणाचं हुर्रर्र, कुणाचं येऽऽ हो, आणि सगळ्यांवर सगुणाची कूक. बाई गर्रकन वळल्या. हसायचं की रडायचं ते त्यांना ठरवता येईना. "डोकी आत घ्या रे! डोकी आत!" एवढंच ओरडत त्या छत्री उगारून जीपकडे धावल्या.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला वाडी झाडून सगळी आली, जीपच्या दोन खेपा झाल्या. धाकूबाबांनी बाईंना घोंगडी दिली. सगुणानं भाषण केलं आणि मध्येच विसरली. सगळं आटोपल्यावर बाई माझ्या स्कूटरपाशी आल्या, बसल्या, आणि फाटकातून बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "जरा वाटेपाशी घे."

वाटेच्या तोंडाशी गवत माजलं होतं. वर पट्टी होती तशीच आहे, अजून पडलेली नाही. पडली असती तर बरं, असं मला कधी कधी वाटतं. बाई उतरल्या, छत्रीनं गवत बाजूला सारलं.

"मंजुरी एकाच वर्षाची असते," त्या म्हणाल्या. "दर जूनला नव्यानं यावी लागते. यायला उशीर झाला की पोरं इकडून यायचा प्रयत्न करतील. घरचेही म्हणतील, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तर शाळा उघडली की तू रोज इथे येत जा. जीप दिसेपर्यंत."

"येईन बाई."

"भीती वाटेल."

"वाटते," मी म्हणाले. ते खरंच होतं, आणि अजूनही दर जूनला खरं असतं.

मग त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. लांब, पूर्वी वाजवायच्या तशी. कड्यावरून ती परत आली आणि विरली. बाई मान वाकडी करून ऐकत राहिल्या. मीही ऐकत राहिले. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, वरून कसलाच आवाज नव्हता.

"कुणी नाही ना गो?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. कुणी नाही."

"नीट ऐक."

मी पुन्हा ऐकलं. वाटेवर कुणीच नव्हतं.